हरलेल्या उठावाची सुट्टी : मलावीचा चिलेम्ब्वे दिन

आजचा विषय जरा लांबचा वाटेल. आफ्रिकेच्या आग्नेय भागात मोझांबिक, टांझानिया आणि झांबिया यांच्यामध्ये दबलेला मलावी नावाचा एक चिंचोळा देश आहे. तिथे दर वर्षी 15 जानेवारीला राष्ट्रीय सुट्टी असते. ती जॉन चिलेम्ब्वे या धर्मोपदेशकाच्या नावाने आहे. त्याने 1915 साली इंग्रजांविरुद्ध उठाव केला. उठाव 23 जानेवारीच्या रात्री सुरू झाला आणि 3 फेब्रुवारीला चिलेम्ब्वे गोळ्या लागून मेला. बारा दिवसांत खेळ खलास! स्वातंत्र्य आलं 1964 मध्ये, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी, आणि तेही वेगळ्याच पिढीच्या वेगळ्याच चळवळीतून. मग या दिवशी तो देश नेमकं काय साजरं करतो? विजय म्हणावा तर तो झालाच नाही. आणि निव्वळ पराभव कुणी साजरा करत नाही.

आधी हकीकत सांगतो. देशाचं तेव्हाचं नाव न्यासालँड. (तो ताब्यात घेताना हॅरी जॉन्स्टनच्या हाताखाली हिंदी लष्करातले शीख शिपाई होते, हेही आपण भारतीयांनी ध्यानात ठेवावं.) चिलेम्ब्वेला 1897 मध्ये जोसेफ बूथ नावाचा मिशनरी अमेरिकेत घेऊन गेला. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग इथे कृष्णवर्णीयांच्या धर्मशाळेत तो शिकला, 1900 मध्ये परतला आणि चिराद्झुलू जिल्ह्यात म्बोम्ब्वे इथे त्याने स्वतःचं मिशन काढलं. शाळा, शेती, शिवणकाम, चर्च. शेजारी मागोमेरोची ब्रूस इस्टेट. एक लाख एकोणसत्तर हजार एकरांचा मळा! तिचा मालक ब्रूस हा डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा नातू. आणि गंमत, म्हणजे कटू गंमत अशी, की 1861 मध्ये याच मागोमेरोत, गुलामांच्या तांड्यांतून सोडवलेल्या माणसांना घेऊन पहिलं मिशन वसलं होतं, तेही लिव्हिंग्स्टनच्याच पुढाकाराने.

नातवाच्या मळ्यावर काय चालायचं? थांगाटा. हा शब्द मुळात परस्परांना मदत करण्याचा, आपल्याकडे सावड म्हणतात तशातला. मळेवाल्यांनी त्याचा अर्थ फिरवला. जमिनीवर राहतोस ना, मग भाड्यापोटी महिनाभर राब; झोपडीपट्टी, म्हणजे दर झोपडीमागचा कर, त्यासाठी आणखी महिनाभर राब. ते महिनेही नेमके पावसाळ्यातले, माणसाला स्वतःच्या शेतात उभं राहायची गरज असते तेव्हाचे. सावडीची वेठ झाली. मळ्याचा व्यवस्थापक विल्यम जर्विस लिव्हिंग्स्टन कडक होता. चिलेम्ब्वेच्या माणसांनी मळ्यावर बांधलेली प्रार्थनाघरं त्याने जाळून टाकली.

आता यात पहिलं महायुद्ध आलं. सप्टेंबर 1914 मध्ये उत्तरेला कारोंगा इथे जर्मनांशी लढाई झाली, त्यात आफ्रिकी शिपाई मेले. त्यानंतर नोव्हेंबरात चिलेम्ब्वेने 'न्यासालँड टाइम्स'ला पत्र लिहिलं. त्याचा आशय साधा आहे. लढाई करायची तर श्रीमंतांनी करावी, सावकारांनी, दुकानदारांनी, जमीनदारांनी करावी. ज्याच्या नावावर या जगात काहीच नाही त्याला दुसऱ्याच्या कारणासाठी मरायला का बोलावता? मागे उरणार त्या विधवा आणि पोरकी मुलं. पत्र छापलं गेलं, पण सेन्सॉरने अंक अडवला. दोन महिन्यांनी उठाव झाला.

मला या क्रमाचं महत्त्व फार वाटतं. त्याने आधी पत्र लिहिलं होतं. सरकारला भाषेत सांगून पाहिलं होतं.

23 तारखेला त्याच्या माणसांनी व्यवस्थापक लिव्हिंग्स्टनला घरात ठार केलं. आणखी दोन गोरे मारले गेले. बायकामुलांना हात लावायचा नाही असा हुकूम होता आणि तो पाळला गेला. त्यांना पुढे सुखरूप सोडलं. ब्लँटायरला शस्त्रांच्या कोठारावर घातलेला छापा फसला, हाती थोड्याच बंदुका लागल्या. उत्तरेकडून, न्चेऊतून यायची साथ आली नाही. लोक उठले नाहीत. सरकारने म्बोम्ब्वेचं विटांचं चर्च सुरुंग लावून पाडलं. चाळीसच्या आसपास माणसांना मृत्युदंड दिला, तीनशेच्या आसपास तुरुंगात गेली.

आता तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला इथे थांबावं लागतं. न्याय्य युद्धाच्या विचारात एक अट सांगितलेली आहे : यशाची वाजवी शक्यता असली पाहिजे. हरणार हे दिसत असताना माणसांना मरणाच्या तोंडी देऊ नये. अट शहाणपणाची आहे. तिच्या कसोटीवर 1915 चा उठाव नापास होतो. तरी एक अख्खा देश त्यासाठी सुट्टी घेतो. एक तर देश भावनेच्या आहारी गेलाय, नाहीतर अटीतच काहीतरी कमी आहे.

माझं मत असं की ती अट राजांसाठी आणि राज्यांसाठी बनली. राज्याजवळ पर्याय असतात : वकील पाठव, तह कर, थांब. ज्याचं पत्रच छापील अंकातून बाहेर पडू दिलं जात नाही, त्याच्यासमोर कोणते पर्याय असतात? त्याच्या कृतीत 'जिंकणं' आणि 'सांगणं' या दोन गोष्टी एकत्र झालेल्या असतात. आपण फक्त जिंकण्याच्या मापाने मोजतो म्हणून हिशेब चुकतो.

पण हे म्हणताना एक सावधगिरी. उठाव म्हणजे ठरवून केलेलं आत्मबलिदान होतं, चिलेम्ब्वेला मरायचंच होतं, हे म्हणणं मुख्यतः जॉर्ज सिमियन म्वासेच्या लिखाणातून येतं. म्वासे 1930 च्या सुमारास तुरुंगात होता. उठावातल्या एका कैद्याने सांगितलेलं त्याने लिहून काढलं. त्यात चिलेम्ब्वे अमेरिकेतल्या जॉन ब्राऊनचा दाखला देतो. जॉन ब्राऊनने गुलामगिरीविरुद्ध 1859 मध्ये छापा घातला तो व्हर्जिनियातच, तेव्हा चिलेम्ब्वेला ती गोष्ट ठाऊक असणं स्वाभाविक आहे. पण ज्याला फक्त मरायचंय तो शस्त्रकोठारावर माणसं कशाला पाठवेल? शेजारच्या जर्मनांना पत्र कशाला पाठवेल? चिलेम्ब्वेने दोन्ही केलं. त्याला जिंकायचंही होतं. म्हणून कुणी इथे चटकन गीता आणि निष्काम कर्म काढू नये. (आपल्या व्याख्यानांत ते हमखास निघतं!) त्याला फळ हवं होतं, ते आपल्या हयातीत मिळेल अशी खात्री नव्हती, इतकंच. या दोन अवस्था फार वेगळ्या आहेत.

कांट इथे उपयोगी पडतो. खरं तर कांट बंडाच्या विरुद्ध. प्रजेला बंडाचा हक्क नाही असं त्याने स्वच्छ लिहिलंय. तोच कांट 1798 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल म्हणतो की ती यशस्वी होवो अथवा फसो, तिच्याकडे दुरून पाहणाऱ्यांना जी सहानुभूती वाटली, तिच्यात माणसाच्या नैतिक प्रवृत्तीची खूण आहे. करणाऱ्याला तो माफी देत नाही, पण पाहणाऱ्याच्या मनाला महत्त्व देतो. राष्ट्रीय सुट्टी म्हणजे दुसरं काय? पाहणाऱ्यांची पुढची पिढी. चिलेम्ब्वे दिनाला मलावीचे लोक आपली बाजू कोणती, हे दर वर्षी पुन्हा ठरवतात.

मात्र पाहणारा प्रामाणिक हवा, आणि इथेच खरी अडचण आहे. त्या रात्री लिव्हिंग्स्टनचं डोकं धडावेगळं केलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते चर्चमध्ये ठेवून चिलेम्ब्वेने प्रवचन दिलं. नोटांवरच्या, टायवाल्या, सभ्य चेहऱ्याच्या चित्रात ते दिसत नाही. रँडच्या वधाबद्दल बोलताना आपणही चाफेकरांचं धैर्य सांगतो आणि गोळी लागलेल्या आयर्स्टचं नाव भरभर उरकतो. मला वाटतं, सुट्टीने हे डोकं लपवू नये. थांगाटा, जाळलेली प्रार्थनाघरं, अडवलेलं पत्र आणि ते डोकं अशी सगळी हकीकत शाळेत एकत्र सांगता आली तरच तो दिवस मोठ्या माणसांचा होईल. नाहीतर उरतात भाषणं.

2022 मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकातल्या रिकाम्या चौथऱ्यावर मलावीत जन्मलेल्या साम्सन कांबालू या कलावंताचं शिल्प दोन वर्षांसाठी उभं राहिलं. मूळ छायाचित्र 1914 चं. चिलेम्ब्वे आणि गोरा मिशनरी जॉन चोर्ली चर्चसमोर शेजारी शेजारी उभे आहेत, दोघांच्याही डोक्यावर हॅट. गोऱ्यासमोर काळ्याने हॅट उतरवायची असा तेव्हाचा दंडक. शिल्पात चिलेम्ब्वे चोर्लीपेक्षा खूप मोठा केलाय. मला यातली हॅट आवडते. इथे रक्त नाही, भाषण नाही. नुसती न काढलेली हॅट आहे, आणि ती उठावाच्या आधीची आहे.

म्बोम्ब्वेचं मिशन मात्र अकरा वर्षं बंद होतं. 1926 मध्ये ते पुन्हा उघडलं ते डॅनियल मालेकेबू याने. चिलेम्ब्वेच्या शाळेत शिकलेला मुलगा, अमेरिकेत जाऊन डॉक्टर होऊन आलेला. सुरुंगाने पाडलेल्या चर्चच्या जागी त्याने आणि गावकऱ्यांनी नवं, विटांचंच चर्च बांधलं.