फ्रॅक्टल चित्रे : सूत्रातून रंगांकडे

■ सुरुवात : कितीही मोठे करून पाहिले तरी नवे बारकावे दाखवणाऱ्या आकारांना गणितज्ञ बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९७५ मध्ये ‘फ्रॅक्टल’ ही संज्ञा दिली. ऑगस्ट १९८५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मुखपृष्ठावर त्यांच्याच नावाचा फ्रॅक्टल, ‘मँडेलब्रॉट संच’, झळकला आणि घरोघरचे संगणकप्रेमी फ्रॅक्टल चित्रे काढण्याच्या छंदाकडे वळले.

■ चित्र कसे घडते? : मँडेलब्रॉट संचासाठी शून्यापासून सुरुवात करून संख्येचा वर्ग करायचा, त्यात पडद्यावरच्या बिंदूशी जोडलेली संख्या मिळवायची, उत्तरावर पुन्हा तीच क्रिया. उत्तर मर्यादेत राहिले तर बिंदू सहसा काळा. मर्यादा ओलांडली तर किती फेऱ्यांत ओलांडली, त्यावर रंग ठरतो.

■ कलावंताचे काम : सूत्र, जागा, रंगसंगती आणि चौकट यांची निवड. इथेच कलात्मक नजरेचा कस लागतो.

■ साधने (संगणक-प्रणाली) : ‘झाओस’ (मोफत, नवशिक्यांसाठी उत्तम), ‘अल्ट्रा फ्रॅक्टल’ (थरांची रचना), ‘अ‍ॅपोफिसिस’ (ज्वाळांसारखे आकार), ‘मँडेलबल्बर’ (त्रिमितीय).

■ देवाणघेवाण : चित्रासोबत ते ज्या आकड्यांवरून तयार झाले त्यांची छोटी फाइलही देता येते. त्यावरून दुसरा कोणीही तेच चित्र पुन्हा काढू शकतो किंवा पुढे फुलवू शकतो. मात्र मूळ कलावंताचे नाव आवर्जून द्या.