बाहेरची नळी आणि मुकी कातडी

मज्जारज्जूला इजा झाली की पाय जातात, हे दिसते. लघवीवरचा ताबाही जातो, हे मात्र कुणी बोलत नाही. संकोच वाटतो ना! पण पूर्वी असे रुग्ण दगावत, ते बहुधा मूत्रमार्गाच्या विकाराने आणि अंगावर पडलेल्या शय्याव्रणांनी. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. गुटमन यांनी या दोहोंकडे बारकाईने लक्ष पुरविले, आणि माणसे जगू लागली.

पुरुषांसाठी एक साधन आहे: निरोधासारखे आवरण, टोकाला नळी, नळीला पिशवी. शरीरात काहीच शिरत नाही, म्हणून जंतूंचे भय कमी. मात्र मूत्राशय आपोआप नीट रिकामे होत असेल तरच ते चालते. ते डॉक्टरांनी तपासून सांगायचे.

खरी गोम कातडीत आहे. चप्पल चावली तर आपण ती काढतो. इथे चावलेले कळतच नाही. म्हणून डोळ्यांनीच पाहायचे. रोज आवरण काढावे, साबणपाण्याने धुवावे, अगदी कोरडे करावे. लाली किंवा फोड दिसला तर ते पुन्हा चढवू नये. साधी चिकटपट्टी तर भोवती कधीच आवळू नये, रक्त अडते.

पिशवी मूत्राशयाच्या खाली असावी, नळीला पीळ नसावा. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर इजा असेल आणि लघवी तुंबली, तर डोके एकाएकी ठणकते, चेहरा घामाने डबडबतो, रक्तदाब भराभर चढतो. ऊन लागले असे समजून निजवू नका! उठवून बसवा, आवरण सैल करा, नळी पाहा. उतार नाही पडला, तर तडक दवाखाना.