अडीच पट्ट्यांची पीजे!

दोस्ता, दप्तरातून तुझी पट्टी काढ बरं! तीच, ३० सेंटीमीटरची. जमिनीवर ती अडीच वेळा मांड. वर एक बोट जोड. झालं? एवढ्याशा रुंदीच्या रुळांवरून आपल्या जळगाव जिल्ह्यात खरीखुरी आगगाडी धावायची!

तिचं नाव पीजे. पाचोऱ्याचा 'पी' आणि जामनेरचा 'जे'! वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत ती सुमारे ५६ किलोमीटर जायची.

पाचोऱ्याला तर गंमतच! तिथून मुंबई-भुसावळची मोठी गाडीही जाते. तिच्या रुळांना किती पट्ट्या लागतात, ओळख! साडेपाच, आणि वर दोन-तीन बोटं!

आणि पीजेचा डबा? तो रुळांपेक्षा कितीतरी रुंद! छोट्या पाटावर मोठं ताट ठेवलं, की दोन्ही बाजूंनी कसं बाहेर येतं? अगदी तसा.

मग रूळ इतके जवळ का बरं? चल मैदानावर! मित्राचा हात धर आणि दोघं झाडाभोवती पळा. बाहेरच्याला जास्त पळावं लागतं ना? हात ताणून पळालात, तर तो धापा टाकतो! खांद्याला खांदा लावा. आता दोघांचं पळणं जवळजवळ सारखं!

गाडीची डावी-उजवी चाकं एकाच दांड्याला घट्ट बसवलेली असतात. एकानं जास्त फिरायचं, दुसऱ्यानं कमी, असं चालतच नाही! रूळ जवळ असले, की वळणावर आतल्या आणि बाहेरच्या रुळाच्या लांबीतला फरक कमी असतो. म्हणून छोटी गाडी थोड्या जागेतही वळते. माथेरानचा डोंगर छोटी गाडी अशीच वळत वळत चढते. तिचे रूळ तर जेमतेम दोन पट्ट्यांचे!

अशा छोट्या, हलक्या गाडीचं स्टेशनही साधं. डबा जमिनीजवळ, म्हणून उंच फलाट लागत नाही.

२०२० पासून पीजे थांबली आहे. आता तिथं मोठे रूळ घालून गाडी पुढे बोदवडपर्यंत न्यायचं ठरलंय. छानच! पण मला वाटतं, शेंदुर्णीला किंवा पहूरला जुन्या रुळांचा एक तुकडा तरी जपून ठेवावा. मग तू पट्टी घेऊन जाशील. मांडशील. एक, दोन, अर्धी... आणि एक बोट!