डमॅस्कसची पाळी

गुरुवार, १८ सप्टेंबर १९८०. हे सीरियातलं डमॅस्कस नव्हे, अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्यातलं. गावाबाहेर, हायवे ६५ पासून जवळच, कुरणांच्या मधोमध तारेचं कुंपण घातलेली एक जागा आहे. वरून दिसतं ते पोलाद-काँक्रीटचं ७४० टनांचं झाकण. त्याखाली १४६ फूट खोल सायलोत टायटन-२ क्षेपणास्त्र उभं आहे. त्याची उंची १०३ फूट. टोकाला ९ मेगाटनांचं अण्वस्त्र, म्हणजे हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या सुमारे ६०० पट. हवाई दलाच्या दप्तरी या जागेचं नाव ३७४-७.

सकाळ

नवी पाळी येते. दोन अधिकारी, दोन तंत्रज्ञ, ड्युटी चोवीस तासांची. फाटकावरच्या फोनवरून आपली ओळख द्यायची. खाली उतरताना पुन्हा फोन उचलून चिठ्ठीवरचा संकेत वाचायचा आणि ती चिठ्ठी तिथेच जाळून लाल डब्यात टाकायची. मग जाडजूड पोलादी दारं एकेक करून उघडतात. कंट्रोल सेंटर तीन मजली, धक्के बसू नयेत म्हणून स्प्रिंगांवर टांगलेलं. तिथेच स्वयंपाकघर, तिथेच झोपायची सोय.

लाल तिजोरीला दोन कुलपं आहेत. प्रत्येक अधिकाऱ्याला फक्त आपल्या कुलपाचा आकडा ठाऊक. आतल्या दोन किल्ल्या एकाच वेळी फिरवाव्या लागतात आणि त्यांच्या जागा इतक्या लांब की एका माणसाचे हात पुरत नाहीत. महत्त्वाच्या यंत्रणेपाशी एकट्याने जायचं नाही. कुणाच्या लहरीने किंवा चुकीने युद्ध सुरू होऊ नये म्हणून बांधलेली ही शिस्त होती आणि त्या कामाला ती चोख होती. क्षेपणास्त्र चुकून सुटू नये, याची पुरेपूर काळजी तिने घेतली होती. पण ते जागच्या जागी गळायला लागलं तर काय करायचं, याबाबत ती बरीच तोकडी होती.

दुपार

टायटन-२ हुकूम मिळाल्यापासून मिनिटभरात उडू शकतं, कारण त्याच्या टाक्या कायम भरलेल्या असतात. एका टाकीत एरोझिन-५० हे इंधन, दुसरीत नायट्रोजन टेट्रॉक्साइड हा ऑक्सिडायझर. दोन्ही जहाल विषारी. एकमेकांना भिडले की ठिणगीवाचून पेट घेतात. दोन वर्षांपूर्वी कॅन्सस राज्यात अशाच एका सायलोत ऑक्सिडायझर गळून दोघांचा जीव गेला होता. त्याआधी १९६५ मध्ये आर्कन्सॉतच सर्सीजवळच्या सायलोत दुरुस्तीचं काम चालू असताना आग लागली आणि ५३ कामगार दगावले.

आजची तक्रार किरकोळ आहे. वरच्या टप्प्याच्या ऑक्सिडायझर टाकीतला दाब कमी दाखवतोय. टाक्यांची देखभाल करणारी तुकडी येते. ही पोरं विशीतली, सकाळपासून राबून आलेली. काम सुरू व्हायला संध्याकाळ होते.

संध्याकाळ, साडेसहा

दोघे जण हवाबंद सूट चढवून, डोक्यावर हेल्मेट घालून सायलोतल्या फळीवर उभे आहेत. टाकीच्या दाबाचं झाकण सोडवायचं आहे. नव्या नियमाप्रमाणे यासाठी टॉर्क रेंच वापरायचा. तो वर गाडीत राहिलाय. आणायला जायचं तर बराच वेळ मोडणार, म्हणून हाताशी असलेला रॅचेट घेतला जातो. आजवर त्यावरच काम निभलेलं आहे.

साडेतीन किलोंहून जड सॉकेट रॅचेटवरून निसटतो. फळीवर आपटून उसळतो आणि फळी व क्षेपणास्त्र यांच्यामधल्या अरुंद फटीतून खाली जातो. सुमारे ८० फूट खाली क्षेपणास्त्राच्या बैठकीवर आदळतो आणि तिथून उडून पहिल्या टप्प्याच्या इंधन टाकीला भोक पाडतो. इंधनाची धार लागते. सायलोत पांढरट वाफ भरू लागते.

कंट्रोल सेंटरमध्ये लाल दिवे लागतात. इंधनाची वाफ, ऑक्सिडायझरची वाफ, आग, सगळंच एका वेळी. सगळं एकदम खरं असतं तर क्षेपणास्त्र एव्हाना फुटलेलं असतं. कशावर विश्वास ठेवायचा? सॉकेट पडल्याचं खाली बसलेल्यांना अजून कळलेलंच नाही. चेकलिस्टची पानं उलटली जातात. प्रत्येक दिव्यासाठी चेकलिस्ट आहे, पण भोक पडलेल्या टाकीसाठी नाही.

रात्री, साडेआठ

इंधनाची टाकी रिकामी होत चालली आहे. ती चेपली तर वरची ऑक्सिडायझरची टाकी तिच्यावर बसेल आणि पुढचं सांगायला नको. कंट्रोल सेंटर सोडून आतली माणसं आणीबाणीच्या भुयारातून वर निघतात. आता आतले काटे वाचायला कुणी उरलेलं नाही.

थोड्या वेळाने सार्जंट जेफ केनेडी नियम मोडून त्याच भुयारातून एकटाच खाली उतरतो आणि दाबाचे आकडे घेऊन येतो. इंधन टाकीतला दाब शून्याच्या खाली गेला आहे. एवढी पक्की माहिती त्या रात्री दुसऱ्या कुणाकडेच नाही.

मध्यरात्र

काय करायचं ते ठरतंय शेकडो मैल दूर, नेब्रास्कात ओमाहाजवळच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडच्या मुख्यालयात. तिथून सक्त ताकीद आली आहे की परवानगीशिवाय कुणी काहीही करायचं नाही. फोनवर सल्लामसलत चालते, तज्ज्ञ जोडले जातात, तास उलटतात. फाटकाबाहेर काउंटीचा शेरीफ आजूबाजूची घरं रिकामी करायला लागलाय. हवाई दल त्याला नीट काही सांगत नाही. पत्रकारही येऊन थडकले आहेत.

पहाट, तीन

अखेर आत जायची परवानगी मिळते. केनेडी आणि बावीस वर्षांचा डेव्हिड लिव्हिंग्स्टन हवाबंद सूट घालून जिना उतरतात. हातातलं वाफ मोजायचं यंत्र शेवटच्या आकड्याला टेकतं. माघारी फिरा, असा हुकूम येतो. दोघे वर येतात. मग नवा हुकूम: आतला पंखा चालू करा. लिव्हिंग्स्टन पुन्हा खाली जातो, बटण दाबून वर येतो.

तीनच्या सुमाराला सायलो फुटतो. ७४० टनांचं झाकण उडून लांब कुरणात पडतं. केनेडी फेकला जातो, त्याचा पाय मोडतो. एकवीस जण जखमी होतात. लिव्हिंग्स्टन त्याच दिवशी इस्पितळात मरण पावतो.

उजाडल्यावर

अण्वस्त्र फाटकापासून शंभरेक फुटांवर सापडतं. बॉम्बचा अणुस्फोट झालेला नाही, किरणोत्सर्गी द्रव्यही सांडलेलं नाही. योगायोगाने उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल पक्षाच्या अधिवेशनासाठी आर्कन्सॉतच आहेत. स्फोटात सापडलेल्या क्षेपणास्त्रावर अण्वस्त्र होतं का, असं ते विचारतात. हवाई दल त्यांनाही ‘हो’ म्हणत नाही, ‘नाही’ म्हणत नाही. धोरणच तसं आहे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पुढे १९५० ते १९८० या काळातल्या अण्वस्त्रांच्या ३२ गंभीर अपघातांची यादी प्रसिद्ध केली. डमॅस्कस त्यातलं शेवटचं. स्पेनमधलं पालोमारेस (१९६६), ग्रीनलँडमधलं थुले (१९६८) ही नावं लोकांच्या अधिक लक्षात राहिली, कारण तिथे बॉम्ब घेऊन उडणारी विमानं कोसळली. इथे विमान नव्हतं, शत्रू नव्हता, वादळही नव्हतं. लांबलेली पाळी होती, गाडीत राहिलेला एक पाना होता आणि दुरून येणारी परवानगी होती. बाकीच्या सायलोंत माणसं चोवीस तासांच्या पाळीवर जात राहिली. शेवटचं टायटन-२ सेवेतून निघालं ते १९८७ मध्ये.

लिव्हिंग्स्टनला मरणोत्तर एअरमन्स मेडल मिळालं. केनेडीला दोन गोष्टी मिळाल्या. शौर्यासाठी तेच मेडल आणि नियम मोडून एकटा आत गेल्याबद्दल लेखी ठपका. ज्या शिस्तीपायी सगळे तासन् तास हात बांधून उभे होते, तिच्या हिशेबात दोन्ही नोंदी बरोबरच होत्या.