विश्लेषण : जपून वाळवलेली आंब्याची कोय का उगवत नाही?

कवठे महांकाळ : ज्वारीचे बियाणे उन्हात कडक वाळवून ठेवायचे, हे या तालुक्यात कोणाला शिकवावे लागत नाही. मात्र हाच नियम आंबा, जांभूळ, फणसाला लावला तर बी मरते. बांधावर लावलेल्या बिया उगवत नाहीत, दोष पावसाला दिला जातो आणि लागवडीचे एक वर्ष वाया जाते.

बियांचे प्रकार कोणते?

शास्त्रज्ञ ई. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३ मध्ये बियांचे दोन गट सांगितले. चिंच, सीताफळ यांच्या बिया वाळवून टिकतात. या गटात ओलावा १ टक्क्याने घटला की बियांचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. आंबा, जांभूळ, फणस दुसऱ्या गटातले. त्यांना वाळवणे सोसत नाही. १९९० मध्ये मधला गटही मांडला गेला. पपई त्यात मोडते.

वाळल्यावर आत काय होते?

पहिल्या गटातले बी पिकतानाच पाणी कमी करते आणि जणू झोपी जाते. आंब्याची कोय मात्र जागीच असते. झाडावरून पडली तरी तिची वाढ थांबत नाही. पाणी घटले की पेशींची आवरणे फाटतात. नंतर कितीही भिजवले तरी ती सांधत नाहीत. फ्रीजची थंडीही तिला बाधते आणि हवाबंद डब्यात ती गुदमरून बुरशी धरते.

इथे अडचण काय?

वेळेची. आंबा आणि जांभळाच्या बिया मे-जूनमध्ये हाती येतात. या कमी पावसाच्या पट्ट्यात भरवशाचा पाऊस मात्र अनेकदा सप्टेंबरमध्ये पडतो. तोवर बी थांबत नाही. म्हणून बी साठवण्याऐवजी रोप तयार ठेवणे हाच मार्ग उरतो.

काय करावे?

- आंबा : कोय धुऊन पाण्यात टाका. तरंगणाऱ्या काढून टाका, बुडालेल्या काही दिवसांतच पिशवीत लावा.
- जांभूळ, फणस : गर काढून बी, आठळी लगेच लावा. थांबावेच लागले तर ओलसर वाळूत, सावलीत काही दिवसच ठेवा.
- सीताफळ, चिंच : बिया सावलीत वाळवून कोरड्या डब्यात जूनपर्यंत ठेवता येतात. लावण्याआधी रात्रभर भिजवा.
- पपई : बियांवरचा बुळबुळीत पापुद्रा चोळून काढा, तो उगवण रोखतो. सावलीत सुकवा, फार काळ ठेवू नका.

पिशवीतल्या रोपांना सावली आणि रोज थोडे पाणी पुरते. चांगली ओल झाली की ती शेतात लावावीत.

सीडबॉल करतानाही हाच हिशेब लागू होतो. गेल्या वर्षीच्या जांभळाच्या बिया मातीत गुंडाळल्या तर उगवणार नाहीत. चिंच, सीताफळाच्या नीट ठेवलेल्या बिया मात्र त्यासाठी चालतात.