भाड्याचं घर आणि नकाशा: जुनं सॉफ्टवेअर नवं करताना काय तपासावं

आजचा विषय जरा रुक्ष वाटेल. कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर नवं करायचं तर प्लॅटफॉर्म कोणता घ्यायचा, आणि त्यात ऑनलाइन नकाशा कोणाचा बसवायचा? हे दोन विषय आम्ही मुद्दाम एकत्र घेतलेत. दोन्हीकडे आपण भाडेकरू असतो. घर कितीही छान असो, उद्या भाडं वाढलं तर बाहेर पडता येईल का, हे आधी बघावं लागतं.

नकाशापासून सुरुवात करू. जुलै २०१८ पर्यंत गुगलचा नकाशा संकेतस्थळावर दाखवायला दिवसाला २५,००० वेळांपर्यंत पैसे पडत नसत. १६ जुलै २०१८ पासून नवे दर आले. तेव्हा महिन्याला २०० डॉलरची सूट होती, आणि त्यापुढे दर हजार वेळांना ७ डॉलर पडत. एक लाखाच्या पुढे ५.६० डॉलर. त्या दरांनी हिशोब करून बघा. समजा, तुमच्या पानावर रोज १०,००० वेळा नकाशा उघडत होता, म्हणजे महिन्याला तीन लाख. पहिल्या लाखाचे ७००, पुढच्या दोन लाखांचे १,१२०, एकूण १,८२० डॉलर. सूट वजा केली तर १,६२०. आदल्या महिन्यापर्यंत हाच खर्च शून्य होता, आणि तुमच्या प्रोग्रामची एक ओळही बदललेली नव्हती!

मग पर्याय काय? ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून भरलेला नकाशा. त्याची माहिती कोणालाही वापरता येते. श्रेय द्यावं लागतं आणि त्या माहितीत भर घालून नवा माहितीसंच प्रसिद्ध केला, तर तोही त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो. पण ‘माहिती फुकट’ म्हणजे ‘सेवा फुकट’ नव्हे. त्यांचे सर्व्हर देणग्यांवर चालतात. पत्ता शोधून देणाऱ्या त्यांच्या सार्वजनिक सेवेला सेकंदाला एकापेक्षा जास्त विचारणा करायची नाही, असा नियमच आहे. धंद्यासाठी वापरायचं तर सर्व्हर स्वतः चालवा किंवा ते काम करणाऱ्याला पैसे द्या. तिसरा पर्याय एस्री कंपनीचा आर्कजीआयएस. पाण्याच्या वाहिन्या, मालमत्ता, पूररेषा अशा थरांचं विश्लेषण करायचं असेल तर तो ताकदीचा आहे. दुकान कुठे आहे एवढंच दाखवायला तो घेणं म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणं.

दरांपेक्षाही लक्ष देऊन वाचायची गोष्ट म्हणजे अटी. ग्राहकाचा पत्ता गुगलकडून अक्षांश-रेखांशात बदलून घेतला, तर ते आकडे जास्तीत जास्त ३० दिवस साठवता येतात. म्हणजे पाच वर्षं धंदा करूनही तुमच्या ग्राहकांची ठिकाणं तुमच्या मालकीची होत नाहीत. त्यापेक्षा माल पोचवणाऱ्या माणसाच्या फोनने दारात उभं राहून केलेली नोंद ग्राहकाच्या संमतीने साठवली, तर ती तुमची. ‘मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीजवळ’ अशा पत्त्यांसाठी तर हीच नोंद जास्त भरवशाची.

आता दुसरा भाग, जुनं सॉफ्टवेअर. इथेही भाडं बदलतंच. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमचे परवाने विकणं बंद करून फक्त वर्गणी ठेवली. ज्यांचा सगळा डोलारा त्यावर उभा होता, त्यांना घाईने नवं गणित मांडावं लागलं.

म्हणून प्लॅटफॉर्मची तुलना करताना कुठला भाग कुठेही नेता येतो आणि कुठला तिथेच चिकटतो, हे वेगळं काढा. कुबरनेटीस ही प्रणाली गुगलने २०१४ मध्ये खुली केली. आज अॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल तिघांकडेही ती मिळते, आणि रेड हॅटचं ओपनशिफ्टही तिच्यावरच उभं आहे. तुमचा प्रोग्राम कंटेनरमध्ये नीट बांधलेला असेल तर तो एकाकडून दुसऱ्याकडे नेणं बरंचसं सोपं जातं. पण त्याच कंपनीचा खास डेटाबेस, तिचीच रांगव्यवस्था, तिचंच लॉगिन वापरलंत, की पाय रुतला. ते वापरूच नका असं आम्ही म्हणत नाही. त्याने कामाचे महिने वाचतात. फक्त किंमत कळू द्या.

आणि सगळं एका रात्रीत बदलायला जाऊ नका. मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये यासाठी एक उपमा दिली. वडाच्या जातीचं झाड दुसऱ्या झाडावर रुजतं, मुळं खाली सोडतं आणि हळूहळू त्याची जागा घेतं. आपल्याकडे ताडाला वेढलेला वड पाहिला असेल. तसंच आधी बिलं नव्या प्रणालीत न्यायची, मग गोदाम, मग वसुली. जुनं मधल्या काळात चालूच राहतं, धंदा थांबत नाही.

नकाशा याच वाटेने बदलता येतो. प्रोग्राममध्ये शंभर ठिकाणी थेट गुगलला हाक मारू नका. ‘पत्ता शोध’, ‘अंतर सांग’ अशी आपली स्वतःची एक खिडकी ठेवा. तिच्यामागे कोण बसलंय ते बाकीच्या प्रोग्रामला कळायचं कारण नाही. जुलै २०२४ मध्ये ओलाने गुगलचे नकाशे सोडून स्वतःचे वापरत असल्याचं जाहीर केलं, आणि त्याच महिन्यात गुगलने भारतातले दर ७० टक्क्यांपर्यंत उतरवण्याची घोषणा केली. ओलाएवढी ताकद आपल्याकडे नाही, मान्य. पण सोडून जाता येणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलण्याची भाषा वेगळी असते, हे लहान दुकानदारालाही ठाऊक असतं.

तर विक्रेता पुढच्या वेळी समोर बसेल, तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारा. वापर दहापट झाला तर बिल किती? आमची माहिती कुठल्या स्वरूपात परत मिळेल? आणि तुमच्याकडून निघायला किती महिने लागतील? तिसऱ्याचं उत्तर त्याच्याकडे नसेल, तर करारावर सही करण्याआधी ते तुम्ही स्वतः काढा. आता तुमचे प्रश्न घेऊ.