गोन्सालो: नावाचा अर्थ आणि नावाचा माणूस

नांदेड-लातूरकडून नावांवर सिनॉप्सिस लिहिताय? मग वसईचं हे उदाहरण बघा.

गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई वसईची. आधी व्यापारी, मग फ्रान्सिस्कन ब्रदर, जपानीचे दुभाषे. 5 फेब्रुवारी 1597 ला नागासाकीत क्रुसावर मरण, 1862 मध्ये संतपद.

'गोन्सालो' मुळात जर्मानिक नाव. लॅटिन कागदांत गुंदिसाल्वुस. त्यातलं 'गुंद' म्हणजे युद्ध. यावरून 'लढवय्या संत' लिहिलंत की व्हायवात अडकलात! गार्सियांच्या काळापर्यंत ते पोर्तुगालमधलं नेहमीचं नाव झालं होतं, अर्थ कुणाच्या मनातही नसे.

अमारान्तेचे गोन्सालो 13व्या शतकातले. लोक त्यांना संत म्हणतात, पण चर्चनं त्यांना फक्त 'धन्य' घोषित केलंय. दोघांना एका रकान्यात टाकू नका.

आता गोन्साल्विस. अर्थ 'गोन्सालोचा मुलगा'. पण वसईतल्या प्रत्येक गोन्साल्विसचा मूळपुरुष गोन्सालो नव्हे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं आडनावही लागायचं. इथं व्युत्पत्तिकोश पुरत नाही, चर्चची बाप्तिस्मा नोंदवही बघावी लागते. आपल्याकडून वसई लांब आहे, फील्डवर्कचे दिवस त्या हिशोबानं धरा.